आडात पाणी आहे, पोहरा हवा

एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?' ही म्हण आम्ही मराठीच्या तासाला एकदाच शिकलो. इंग्रजीच्या तासाला मात्र ती वर्षानुवर्षे ऐकत आलो. शाळेत ऐकली, कनिष्ठ महाविद्यालयात ऐकली आणि पदवीच्या वर्गात आल्यावरही ती आमची पाठ सोडीत नाही. खेड्यातून आलेल्या, घरात इंग्रजीचा गंधही नसलेल्या मुलामुलींच्या डोक्यातच काही नाही, मग उत्तरपत्रिकेत काय उतरणार, असा तिचा मथितार्थ. प्रस्तुत लेखात मला नम्रपणे, पण स्पष्टपणे, याच्या उलट म्हणायचे आहे. आडात पाणी आहे आणि ते भरपूर आहे. नाही तो पोहरा, आणि पोहऱ्याला बांधायचा दोर.

हे पाणी म्हणजे आमची मराठी. व्याकरणाचे एकही पुस्तक न वाचता आम्ही तिचे सारे व्याकरण पाळतो. 'मी पोळी खाल्ला' असे आमच्या आळीतले तीन वर्षांचे पोरही म्हणत नाही. ज्याला इतकी गुंतागुंतीची भाषा बिनचूक बोलता येते, त्याला 'भाषेचे अंग नाही' असे कसे म्हणता येईल? प्रश्न एवढाच की, हे अंगभूत ज्ञान इंग्रजी शिकताना आमच्या उपयोगी पडते का? माझे उत्तर असे की, पडू शकते. पण पडू दिले जात नाही.

आता कोणी म्हणेल की, इंग्रजीच्या तासाला मराठी तर चालतेच, मग तक्रार कशाची? मित्रहो, येथेच खरी गोम आहे. इंग्रजीच्या तासाला मराठी जरूर असते, पण ती कोणत्या कामावर असते ते पाहा. धड्यातील एक ओळ वाचायची, तिची गोष्ट मराठीत सांगायची, पुढची ओळ वाचायची, पुन्हा गोष्ट. तासाच्या शेवटी गोष्ट सर्वांना कळलेली असते आणि इंग्रजी कोणालाच कळलेले नसते. मग प्रश्नोत्तरे लिहून घ्यायची आणि पाठ करायची. म्हणजे मराठीचा उपयोग इंग्रजी उघडून दाखवण्याऐवजी ते झाकून ठेवण्यासाठी होतो. मिठाईचा पुडा हाती न देता नुसती चव वर्णन करून सांगण्यासारखेच हे!

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे आम्ही पहिली ते बारावी अशी पुरी बारा वर्षे इंग्रजी शिकून येथे आलो आहोत. बारा वर्षांचे एक तप होते. पुराणातल्या ऋषींना एका तपानंतर देव प्रसन्न होई. आमच्यातील बहुतेकांना एका तपानंतर रजेचा अर्जही स्वतःच्या मनाने लिहिता येत नाही. हा दोष तप करणाऱ्यांचा म्हणावा की तपाच्या रीतीचा?

रीत कशी आहे याचा एक नमुना देते. व्याकरणाच्या प्रश्नात 'टू काढून वाक्य पुन्हा लिहा' हा प्रकार आपण सर्वांनी घोटला आहे. 'ही इज टू वीक टू वॉक' याचे 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' असे करायचे. पहिल्या 'टू'च्या जागी 'सो', दुसऱ्याच्या जागी 'दॅट' आणि पुढे 'कॅनॉट'. सूत्र पक्के! आता मी एक वाक्य देते: 'द गबू इज टू झिप टू टुम.' याचे उत्तर कोणताही विद्यार्थी डोळे मिटून लिहील: 'द गबू इज सो झिप दॅट इट कॅनॉट टुम.' पूर्ण गुण! आणि गबू म्हणजे काय, झिप म्हणजे काय, टुम म्हणजे काय, हे ना त्याला ठाऊक, ना मला, कारण हे शब्द मी आत्ताच बनवले आहेत. अर्थाचा लवलेश नसताना ज्या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळवता येतात, तो प्रश्न भाषेची परीक्षा घेतो असे म्हणता येईल का? 'नो सूनर दॅन', 'नॉट ओन्ली बट ऑल्सो', 'अनलेस' यांचीही हीच कथा. आम्ही वाक्ये फिरवायला शिकलो, बोलायला शिकलो नाही.

हा केवळ गुणांचा प्रश्न असता तर मी लेखणी उचलली नसती. पण खेड्यात इंग्रजीच्या एका पेपरावर माणसांची आयुष्ये वळण घेतात. मुलगा इंग्रजीत नापास झाला तर घरचे म्हणतात, बस पुरवणी परीक्षेला. मुलगी नापास झाली तर म्हणतात, पुरे झाले आता. आणि पाहुण्यांना निरोप जातो. माझ्याबरोबर एस.टी.ने शाळेत येणाऱ्या मुलींपैकी काही जणींची वाट अशी त्या एका विषयापाशी थांबली. त्यांपैकी एक भूगोलात वर्गात पहिली येत असे. तिला पृथ्वीवरचे सारे वारे ठाऊक होते. तिच्या नशिबाचे वारे मात्र एका प्रश्नपत्रिकेने फिरवले. 'डोक्यात काही नाही' हे वाक्य तिच्याविषयी कोणी उच्चारले तर मला ते सहन होत नाही.

आमच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत आलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीतला कोणताही कागद घरात आला की तो माझ्या हातात येतो. गेल्या पावसाळ्यात वडिलांना दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद आईने माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "कॉलेजात जातेस ना, वाच." त्यावर गोळ्यांच्या नावांपुढे 'बी.डी.', 'टी.डी.एस.' अशी अक्षरे होती. ती मुळात इंग्रजी नसून लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत, 'दिवसातून दोन वेळा' आणि 'दिवसातून तीन वेळा' एवढाच त्यांचा अर्थ आहे, हे मी औषधाच्या दुकानात विचारून घेतले. पण त्या कागदावरच्या ज्या चार ओळी खरोखर इंग्रजी होत्या, त्या वाचताना बारा वर्षांत पाठ केलेले एकही उत्तर उपयोगी पडले नाही. उपयोगी पडली ती शब्दकोश पाहण्याची सवय आणि वाक्यात कर्ता कोण, क्रियापद कोणते हे शोधण्याची युक्ती. आईला माझे गुण नको होते. औषध जेवणाआधी द्यायचे की जेवणानंतर, हे हवे होते. इंग्रजी शिकण्याचा याहून स्वच्छ हेतू मला सांगता येणार नाही.

तर मग मराठीचा दोर कसा वापरायचा? चार उदाहरणे देते.

पहिले, शब्दांच्या जागेचे. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' या दोन्ही वाक्यांत मरतो तो रावणच. कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असतात. मराठी शब्द आपले ओळखपत्र गळ्यात घालून फिरतो. तो कोठेही बसला तरी ओळखू येतो. इंग्रजीत मात्र 'राम किल्ड रावण' याची उलटापालट केली की रामायणच उलटे होते! तेथे शब्दाची ओळख परीक्षेच्या बैठक क्रमांकासारखी, म्हणजे तो कोठे बसला यावरून ठरते. हे एकदा समजले की 'कर्ता, मग क्रियापद, मग कर्म' हा नियम पाठ करावा लागत नाही. त्याची गरज का आहे ते कळते.

दुसरे, 'ने' या प्रत्ययाचे. शाळेत आम्हांला 'पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग' असे सांगितले जाते. आता 'रामाने आंबा खाल्ला' हे मराठीत कर्मणी प्रयोगाचे वाक्य आहे. आंबा असेल तर 'खाल्ला', पोळी असेल तर 'खाल्ली'. म्हणून विद्यार्थी सरळ मनाने 'रामाने' याचे 'बाय राम' करतो. वास्तविक इंग्रजीत हे साधे 'राम एट अ मँगो' आहे. इंग्रजी पॅसिव्हशी जुळणारे मराठी वाक्य म्हणजे 'रामाकडून आंबा खाल्ला गेला'. म्हणजे येथे विद्यार्थ्याला फसवले ते त्याच्या अज्ञानाने नव्हे, तर नावाच्या सारखेपणाने. हा फरक सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे बारा वर्षांत मिळू नयेत?

तिसरे, 'मला' या शब्दाचे. मला ताप आहे, मला भूक लागली, मला दोन भाऊ आहेत, मला जायचे आहे, मला इंग्रजी येते. या पाचही वाक्यांत 'मी' काही करीत नाही. सर्व काही माझ्याकडे चालून येते. इंग्रजीत पाचही ठिकाणी 'आय' पुढे येऊन उभा राहतो: आय हॅव, आय अॅम हंग्री, आय हॅव, आय हॅव टू गो, आय नो. मराठीत भाषा माणसाकडे 'येते', इंग्रजीत माणसालाच ती जाणून घ्यावी लागते! 'आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्याला हसणाऱ्यांनी त्यामागचे 'आहेत' ऐकले, तर हसण्याऐवजी समजावून सांगण्याची बुद्धी होईल.

चौथे, 'अ' आणि 'द' यांचे. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून ते आम्हांला येत नाही, असे म्हणतात. पण आजीची गोष्ट आठवा. 'एका गावात एक म्हातारी होती. म्हातारीची एक शेळी होती. शेळी रोज रानात जायची.' नवीन पात्र आले की 'एक', ओळख झाली की 'एक' गळाला. इंग्रजीतही पहिल्यांदा 'अ गोट', मग 'द गोट'. नवे आणि ओळखीचे यांतला भेद आम्हांला आजीने केव्हाच शिकवला आहे. त्यावर इंग्रजीची पाटी लावायची तेवढी राहिली आहे. सारेच नियम असे जुळत नाहीत हे खरे, पण आरंभ तर होतो.

या पद्धतीत नवीन असे काही नाही. उलट, इंग्रजांनी आपली भाषा शिकताना हेच केले. विल्यम केरी यांनी १८०५ साली सेरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले ते इंग्रजीत लिहून. मोल्सवर्थ यांच्या १८३१ सालच्या मराठी कोशात मराठी शब्दांचे अर्थ इंग्रजीत दिले आहेत. मराठी शिकायची तर मराठीतच विचार करा, असे त्यांना कोणी दरडावले नाही. त्यांनी आपल्या भाषेच्या दोराने आपल्या आडातले पाणी काढले. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहिले, ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी नजरेसमोर ठेवून. आपण शाळेत घोकतो त्या नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी या आठ शब्दजाती घ्या आणि इंग्रजीचे आठ 'पार्ट्स ऑफ स्पीच' घ्या. दोन्हींचे खाने शेजारी शेजारी बसतात. हा पूल दीडशेहून अधिक वर्षे उभा आहे. आम्ही मात्र तीच आठ नावे मराठीच्या तासाला वेगळी आणि इंग्रजीच्या तासाला वेगळी पाठ करतो, आणि दोन्ही तासांमध्ये मधली सुट्टी असते!

घरोघरी एके काळी असलेली तर्खडकर भाषांतर पाठमालाही याच वाटेने जाणारी होती. आज ती जशीच्या तशी वर्गात आणावी असे माझे म्हणणे नाही. नुसत्या भाषांतराने बोलता येत नाही, हेही तितकेच खरे. पण मराठी माणूस नेमका कोठे अडखळतो, हे त्या पाठमालेने गृहीत धरले होते. आपल्या मुलांच्या हाती सर्रास असणाऱ्या रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाला हे ठाऊक असणे शक्य नाही. ते पुस्तक चांगले आहे, पण त्याला मराठी येत नाही.

अभ्यासकांनीही या प्रश्नाचा खल केला आहे. रॉबर्ट लाडो या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९५७ साली असे मांडले की, नव्या भाषेतले जे आपल्या भाषेसारखे असते ते सोपे जाते आणि जे वेगळे असते ते अवघड जाते. पुढे असे दिसून आले की, सर्वच चुका मातृभाषेमुळे होत नाहीत. 'वेंट'ऐवजी 'गोड' म्हणणे इंग्रज मुलांनाही चुकत नाही. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी त्याहून मोलाची गोष्ट सांगितली: विद्यार्थ्याची चूक ही तो काय शिकला आहे आणि कोठवर पोचला आहे याची खूण असते. म्हणजे चुकीवर लाल रेघ मारण्याआधी ती वाचायला हवी. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. परक्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून जगभर वापरला जाणारा ऑक्सफर्डचा जो कोश आहे, त्याचा आरंभ इंग्लंडात झाला नाही. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवीत होते; तेथील विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह कोश रचला आणि तो १९४२ साली टोकियोत निघाला. त्याचीच आवृत्ती पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने काढली. ज्यांना भाषा येत नव्हती त्यांच्यामुळे एक उत्तम कोश झाला!

आता वाक्प्रचारांकडे वळू. परीक्षेसाठी पन्नास वाक्प्रचारांची यादी पाठ करायची, ही आपली प्रथा. वाक्यात उपयोग करा म्हटले की आमचे बंधू एकच साचा वापरतात: 'माय टीचर टोल्ड मी द मीनिंग ऑफ धिस इडियम.' यादीतला कोणताही वाक्प्रचार त्यात बसतो! पण वाक्प्रचार हे लोकांच्या जगण्यातून निघतात. इंग्रज हे बेटावरचे, दर्यावर्दी लोक. म्हणून काम अंगवळणी पडण्याला ते 'लर्न द रोप्स' म्हणतात, म्हणजे शिडाच्या जहाजावरचे दोर ओळखायला शिकणे. आपण शेतकरी. म्हणून आपल्याकडे कुंपण शेत खाते, चार माणसांची मोट बांधली जाते, आणि जात्यातले रडतात तेव्हा सुपातले हसतात. 'पाचवीला पुजणे' इंग्रजाला सांगायचे तर आधी बाळाची पाचवी सांगावी लागेल. तसेच त्यांच्या वाक्प्रचारामागचे जहाज आम्हांला कोणी दाखवले, तर तो जन्मात विसरणार नाही. कधी दोन भाषा एकाच ठिकाणी येऊन भेटतात: नाचता येत नाही त्याला आपल्याकडे अंगण वाकडे, आणि तिकडच्या अडाणी कारागिराचे भांडण हत्यारांशी! आणि कधी एका छोट्या शब्दाचे चार होतात. तो माझ्यावर रागावला, ती एस.टी. स्टँडवर थांबली, भिंतीवर चित्र आहे, मुलगी आईवर गेली. आपल्याला एक 'वर' पुरतो. इंग्रजीला 'विथ', 'अॅट', 'ऑन' आणि शेवटी 'टेक्स आफ्टर' असे चार जण लागतात. ही यादी आपण वर्गात बसून तास-दोन तासांत रंगवू शकतो, आणि ती कोणत्याही गाईडात सापडणार नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, आता मोबाईलवर क्षणात भाषांतर मिळते, मग एवढा खटाटोप कशाला? मोबाईल चांगलाच आहे, मीही वापरते. पण परीक्षेच्या दालनात आणि मुलाखतीच्या खोलीत तो बाहेर ठेवावा लागतो, आणि आत आपण एकटेच जातो. शिवाय यंत्राने केलेले भाषांतर बरोबर की चूक, हे कळायला दोन्ही भाषा कळाव्या लागतातच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुळापासून इंग्रजी माध्यमच घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला. गावोगावच्या पालकांना आज हेच वाटते, आणि त्यामागची त्यांची तळमळ मला समजते. पण घरात आई मराठी बोलते, शेतात बाप मराठी बोलतो. आणि मुलाने विज्ञान, गणित, इतिहास हे सारे अनोळखी भाषेत पाठ करायचे, तर इंग्रजीच्या एका तासाला जे होते तेच सर्व तासांना होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहा. १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला तो इंग्रजीत. आपल्या माणसांशी मराठीत आणि जगाशी इंग्रजीत, असे दोन्ही हात त्यांनी चालवले. एक हात बांधून दुसरा बळकट होत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. अभिजात भाषा म्हणून तिची आरती करायची आणि इंग्रजीच्या वर्गात तिला अंग चोरून उभे करायचे, हे बरे नव्हे.

परीक्षेविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण परीक्षा जशी असते तसाच अभ्यास होतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत बाकीचे पेपर मराठीतून लिहिण्याची सोय आहे. परंतु इंग्रजीचा एक ३०० गुणांचा पेपर असतो, त्यात २५ टक्के गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिका विचारातच घेतल्या जात नाहीत. त्या पेपरात निबंध, उताऱ्याचा सारांश आणि न पाहिलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न असतात. पाठ केलेली उत्तरे तेथे शून्य. मग ज्या सवयीने आम्ही येथे पास होतो, त्याच सवयीने तेथे बाद होतो, असे म्हणायचे का?

परीक्षेचे तंत्र म्हणून आम्हांला वेळेचे नियोजन आणि सुवाच्य अक्षर एवढेच सांगितले जाते. माझ्या मते खरे तंत्र प्रश्न वाचण्यात आहे. 'डिस्क्राइब' म्हणजे वर्णन करा, 'एक्सप्लेन' म्हणजे कारणासह उलगडून सांगा, 'कंपेअर' म्हणजे दोघांना शेजारी ठेवा, 'जस्टिफाय' म्हणजे बाजू मांडून सिद्ध करा. या चार शब्दांतला भेद न कळल्याने कितीतरी मुले या चारही प्रश्नांना एकच उत्तर लिहितात. ते प्रामाणिक असते, पण विचारलेले नसते. उताऱ्याचेही तसेच. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती अख्खी ओळ उतरवायची, ही युक्ती पास होण्यापुरती खरी. पण जो आधी प्रश्न वाचतो, मग उतारा सलग वाचतो आणि आपल्या तुटक्यामुटक्या शब्दांत दोन वाक्ये लिहितो, त्याला कमी गुण पडले तरी तो पुढे गेलेला असतो. अशा तुटक्या वाक्याला पाठांतराच्या सफाईदार उत्तरापेक्षा एक गुण तरी अधिक मिळावा, अशी माझी परीक्षकांना हात जोडून विनंती आहे. त्या एका गुणाने गाईडाचा बाजार जितका बसेल तितका कोणत्याही भाषणाने बसणार नाही.

नुसती तक्रार करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून महाविद्यालयापुढे तीन सूचना ठेवते. प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यात मराठी आणि इंग्रजी या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी आठवड्यातून एक तास एकत्र घ्यावा. फळ्याच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि मध्ये फरक. दुसरी सूचना अशी की, महाविद्यालयाच्या अंतर्गत चाचण्यांत तरी निम्मे प्रश्न न शिकवलेल्या उताऱ्यांवर असावेत. तिसरी आम्हा विद्यार्थ्यांसाठी: ग्रंथालयाच्या व्हरांड्यात एक भित्तिपत्रक लावू. त्यावर कोणाचेही नाव न देता रोज एक चुकलेले इंग्रजी वाक्य आणि त्यामागचे मराठी वाक्य लिहायचे. चूक कशी झाली हे समजले की हसू येत नाही, आणि हसू गेले की भीती जाते. वर्गात तोंड न उघडणारी आमची अर्धी मुले इंग्रजीला घाबरत नाहीत. ती शेजारच्या बाकावरच्या हसण्याला घाबरतात.

गुरुजनांविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनच हे लिहिले आहे. भरगच्च वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि दारात उभी परीक्षा, यांतून त्यांचीही सुटका नाही, याची मला जाणीव आहे. त्यांच्यापैकीही अनेक जण आमच्यासारख्याच घरांतून, अशाच वर्गांतून वर आले असतील. त्यांना जो दोर स्वतः वळावा लागला, तो त्यांनी आमच्या हाती द्यावा; पाणी ओढण्याचे काम आम्ही करू. शेतातली माणसे आहोत आम्ही, ओढण्याची आम्हांला सवय आहे.